वेब फॉर्ममधले बॉक्स एका रेषेत बसवताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी बरेच फॉर्म केलेत, क्लासच्या अ‍ॅडमिशनचे, सोसायटीच्या मेंटेनन्सचे, पतसंस्थेत खातं उघडायचे, आणि दर वेळी कोणीतरी स्क्रीनशॉट पाठवून तेच विचारतं की हा बॉक्स दोन पिक्सेल खाली का आलाय. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतो. कोड पेस्ट केलेला नाही, सीएसएसच्या (पानाचं दिसणं ठरवणाऱ्या भाषेच्या) प्रॉपर्टींची नावं सांगितलीत, तेवढ्यावरून जमेल.

प्र. टेक्स्ट बॉक्स, ड्रॉपडाऊन आणि बटण एका ओळीत ठेवले तर तिघांची उंची वेगळी का येते?

कारण ही तिन्ही तीन घरची पोरं आहेत. पानावर तुम्ही बॉडीला जो फॉन्ट दिलाय तो इनपुट (टेक्स्ट बॉक्स), सिलेक्ट (ड्रॉपडाऊन), टेक्स्टएरिया (अनेक ओळींचा बॉक्स) आणि बटण आपोआप घेत नाहीत, ब्राउझर त्यांना स्वतःचा फॉन्ट देतो. क्रोममध्ये साध्या टेक्स्ट बॉक्सला १३.३३ पिक्सेलचा एरियल मिळतो आणि टेक्स्टएरियाला तर टाइपरायटरसारखा मोनोस्पेस. पॅडिंग वेगळं, बॉर्डर वेगळी, मग उंची सारखी कुठून येणार.

म्हणून फॉर्मचं काम सुरू करताना पहिल्या दोन मिनिटांत हे करा: चौघांना फॉन्ट इनहेरिट, एकच लाईन-हाईट, एकच पॅडिंग, एकच जाडीची बॉर्डर, आणि बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स (म्हणजे रुंदी मोजताना पॅडिंग आणि बॉर्डर आतच धरायची). बस्स. मी पैजेवर सांगतो, निम्म्या तक्रारी इथेच संपतात. पण लोक काय करतात, हे न करता एका बटणाला मार्जिन-टॉप उणे २ पिक्सेल देतात, मग फायरफॉक्समध्ये ते वर जातं, मग त्याच्यासाठी वेगळी युक्ती, आणि सहा महिन्यांनी ती फाईल उघडली की कुठला आकडा कशासाठी होता ते लिहिणाऱ्यालाच आठवत नाही. फॉर्मच्या सीएसएसमध्ये उणे मार्जिन दिसलं की मी समजतो, मूळ दुखणं कुठेतरी दुसरीकडे आहे.

प्र. विड्थ १०० टक्के दिली तर टेक्स्ट बॉक्स डब्याच्या बाहेर डोकावतो, पण ड्रॉपडाऊन नाही. असं का?

वर म्हटलं तेच बॉक्स-सायझिंग. टेक्स्ट बॉक्सला मुळात कंटेंट-बॉक्स असतो, म्हणजे १०० टक्के फक्त आतल्या मजकुराची जागा, पॅडिंग आणि बॉर्डर त्याच्यावर जादा. सिलेक्ट आणि बटण मात्र आधीपासून बॉर्डर-बॉक्स. सगळ्यांना बॉर्डर-बॉक्स करा.

आणि तरीही बाहेर येत असेल, विशेषतः फ्लेक्स किंवा ग्रिडच्या (सीएसएसच्या मांडणीच्या दोन पद्धती) आत, तर मिन-विड्थ शून्य द्या. इनपुटची स्वतःची एक ठरलेली रुंदी असते (साईझ अ‍ॅट्रिब्यूट दिलं नाही तर २० अक्षरांची) आणि फ्लेक्सचं पोरगं आपल्या अंगभूत रुंदीपेक्षा बारीक व्हायला तयार नसतं, त्याला मुद्दाम सांगावं लागतं की बाबा तू आकसलास तरी चालेल. फिल्डसेटचंही (एका गटातली फील्ड गुंडाळणारा टॅग) तसंच, तिथेही मिन-विड्थ शून्य करावी लागते, नाहीतर मोबाईलवर आडवा स्क्रोल येतो आणि तासभर शोधत बसतो आपण की कोण बाहेर पडतंय.

प्र. लेबल बॉक्सच्या वर ठेवायचं की डावीकडे?

वर. पुढचा प्रश्न.

नाही, गंमत सोडा, कारण सांगतो. २००६ साली मातेओ पेंझो यांनी डोळ्यांची हालचाल टिपणारं यंत्र लावून लेबलच्या जागा तपासल्या होत्या. लेबल बॉक्सच्या डोक्यावर असेल तर दोन्ही एकाच नजरेत येतात, आणि लेबल डाव्या कडेला चिकटलेलं पण बॉक्स लांब असेल तर नजरेला ती मधली मोकळी जागा ओलांडून जायला कितीतरी जास्त वेळ लागतो. लेबलं बॉक्सच्या बाजूला सरकवून उजवीकडून एका रेषेत आणली की तो वेळ कमी होतो, पण मग लेबलांची डावी कड करवतीसारखी वरखाली होते आणि यादी झरझर वाचता येत नाही.

मराठीत अजून एक भानगड आहे. इंग्रजी डिझाईनमध्ये 'नेम', 'सिटी', 'पिन' अशी चिमुकली लेबलं असतात, आपल्याकडे 'पालकांचे वार्षिक उत्पन्न' आणि 'जातीच्या दाखल्याचा क्रमांक'. बाजूला ठेवायला गेलात तर अर्धं पान लेबलंच खाणार. वर ठेवलं की पूर्ण रुंदी मिळते आणि मोबाईलवर वेगळं काही करावं लागत नाही.

प्र. क्लायंट ऐकतच नाही, त्याला कागदावरच्या फॉर्मसारखी बाजूलाच लेबलं हवीत. मग?

मग ग्रिड. फॉर्मला डिस्प्ले ग्रिड, पहिला कॉलम मॅक्स-कंटेंट, दुसरा १एफआर (उरलेली सगळी जागा). सगळ्यात लांब लेबल जेवढं तेवढा पहिला कॉलम आपोआप होतो, पिक्सेल मोजायची गरज नाही. अलाईन-आयटम्स बेसलाईन द्या, सेंटर नाही, म्हणजे लेबलचे शब्द आणि बॉक्समध्ये टाइप केलेले शब्द एकाच रेषेवर बसतात. सेंटर दिलं तर एका ओळीच्या बॉक्सला ठीक दिसतं पण पत्त्याचा चार ओळींचा टेक्स्टएरिया आला की लेबल त्याच्या पोटाजवळ लटकतं. टेक्स्टएरियाच्या बेसलाईनवरही फार विश्वास ठेवू नका, त्या ओळीला स्टार्ट द्या आणि लेबलला बॉक्सएवढंच वरचं पॅडिंग.

ग्रिड २०१७ च्या मार्चपासून क्रोम, फायरफॉक्स, सफारी सगळीकडे आहे, त्यामुळे 'जुन्या ब्राउझरवर चालेल का' हा प्रश्न आता कृपया नको.

अडचण येते ती लेबल आणि बॉक्स एका डिवमध्ये (साध्या डब्यात) गुंडाळलेले असले की. तेव्हा ग्रिडला फक्त डिव दिसतो, आतलं नाही. अशा वेळी डिवलाच सबग्रिड करा, मग आतली मंडळी बाहेरच्या कॉलमच्या रेषा पाळतात. सबग्रिड फायरफॉक्समध्ये २०१९ ला आलं आणि क्रोममध्ये यायला २०२३ चा सप्टेंबर उजाडला, म्हणून जुन्या ट्युटोरियलमध्ये ते सापडत नाही.

आणि हो, लांब लेबलाने कॉलम भयंकर रुंद झाला तर मॅक्स-कंटेंटऐवजी फिट-कंटेंट १२ रेम (१ रेम म्हणजे पानाच्या मूळ फॉन्टएवढं माप) वगैरे द्या, लेबल दोन ओळीत मोडेल. कमी रुंदीच्या स्क्रीनवर सरळ एक कॉलम.

प्र. दोन फील्ड शेजारी शेजारी आहेत. एकाचं लेबल दोन ओळींत गेलं आणि त्याचा बॉक्स खाली घसरला. वर कसा आणू?

हा माझा सगळ्यात लाडका प्रश्न, कारण इंग्रजी डेमोमध्ये हा कधी दिसतच नाही आणि मराठी मजकूर टाकला की पहिल्या दिवशी दिसतो. डावीकडे 'जिल्हा', उजवीकडे 'रहिवासी दाखल्यानुसार तालुका'. उजवं लेबल मोडलं, त्याचा बॉक्स एक ओळ खाली गेला, झाली पायरी.

लोकांचे तोडगे: लेबलला ठरावीक उंची देणे (मग बाकी सगळ्या फील्डवर उगाच मोकळी जागा), फॉन्ट बारीक करणे (आजोबांना वाचता येत नाही), लेबल अर्धवट कापून तीन टिंबं (मग फॉर्म भरणाऱ्याने ओळखायचं काय). फ्लेक्समध्ये अलाईन-आयटम्स एंड दिलं तर बॉक्स जुळतात खरे, पण खाली एरर मेसेज आला की परत घसरगुंडी.

खरा उपाय परत सबग्रिडच, पण या वेळी आडव्या ओळींचा. प्रत्येक फील्डला तीन ओळींवर पसरवा, लेबलची एक, बॉक्सची एक, सूचना किंवा एररची एक, आणि फील्डच्या ग्रिड-टेम्प्लेट-रोजला सबग्रिड. आता दोन्ही फील्डच्या लेबलांची ओळ सामायिक, एकाचं लेबल मोठं झालं की दुसऱ्याच्या लेबललाही तेवढीच जागा मिळते, छोट्या लेबलला अलाईन-सेल्फ एंड दिलं की ते आपल्या बॉक्सला चिकटून बसतं. एरर आला तर फक्त तिसरी ओळ वाढते, बॉक्स जागचे हलत नाहीत. फक्त गॅपकडे लक्ष द्या, रो-गॅप बाहेरून आत येतो, तो सबग्रिडमध्ये वेगळा लिहा नाहीतर लेबल आणि बॉक्समध्ये दरी पडेल.

प्र. शोध पट्टीत चार फिल्टर आणि शेवटी 'शोधा' बटण आहे. फिल्टरला वर लेबल आहे, बटणाला नाही, त्यामुळे बटण लेबलच्या उंचीवर जाऊन बसतं.

वरचीच युक्ती, बटणाला सरळ दुसऱ्या ओळीत टाका, म्हणजे बॉक्सच्या रांगेत. बटणाच्या वर रिकामं लेबल घालून जागा अडवायची जुनी पद्धत मी पण वापरलीय, पण स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला ते भुताटकीसारखं वाटतं, कोणाचंच नसलेलं लेबल.

साध्या फॉर्मच्या शेवटी असलेलं 'सबमिट' मात्र बॉक्सच्या डाव्या कडेशी जुळवा. नजर त्याच रेषेने खाली येत असते, बटण उजव्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं तर झूम करून वापरणाऱ्याला ते दिसतच नाही.

प्र. नावासाठी एक बॉक्स ठेवू की तीन?

तुम्हाला पुढे त्या नावाचं काय करायचंय त्यावर आहे. फक्त पावतीवर छापायचं असेल तर एक मोठा बॉक्स, विषय संपला. सरकारी कागदाशी जुळवायचं असेल तर वेगळे करावे लागतात, आणि इथे महाराष्ट्रातल्या लोकांनी एक गोष्ट ध्यानात घ्या: १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात सरकारी कागदपत्रांवर आईचं नावही येतं, क्रम असा की स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. म्हणजे ज्यांनी तीन समान कॉलम ठोकून तेवढ्यात 'स्वतःचे, वडिलांचे, आडनाव' बसवलं होतं त्यांना चौथा घालायचाय, आणि तीनचं सुंदर ग्रिड चारला तोकडं पडतं, तीन वर आणि एक बिचारा खाली. बालवाडीच्या प्रवेशाचे फॉर्म करणाऱ्यांना हे आता रोजचंच होणार.

ऑटो-फिट आणि मिनमॅक्स १२ रेम ते १एफआर असं दिलं तर रुंदीप्रमाणे चार, तीन, दोन, एक असं मोडतं, पण मधला तीन-अधिक-एक टाळायचा असेल तर कंटेनर क्वेरीने (डब्याच्या रुंदीप्रमाणे नियम बदलण्याची सोय) थेट चारवरून दोन आणि दोनवरून एक करा. मी तर म्हणेन नावाचे चारही बॉक्स एकाखाली एक ठेवा. भरणारा माणूस क्रम चुकत नाही, आणि पान लांबलं म्हणून कोणी मरत नाही.

प्र. सगळे बॉक्स एकाच रुंदीचे ठेवले की छान दिसतं. तसं केलं तर काय बिघडलं?

छान दिसतं, पण बॉक्सची रुंदी ही न बोलता दिलेली सूचना असते. पिनकोड ६ अंकी, मोबाईल १० अंकी, आधार १२ अंकी, पॅन १० अक्षरांचा, आयएफएससी ११ अक्षरांचा. पिनकोडला पानभर लांब बॉक्स दिला तर लोक त्यात गाव-तालुका-पिन सगळं लिहून मोकळे होतात, मी पाहिलंय. डावी कड सगळ्यांची एक ठेवा, उजवी कड उत्तराच्या लांबीप्रमाणे, पण मोजक्या मापांत, तीन-चार मापं पुरतात, नाहीतर उजवीकडे दात पडल्यासारखं दिसतं.

रुंदी सीएच युनिटमध्ये द्या, १ सीएच म्हणजे त्या फॉन्टमधल्या शून्याच्या आकड्याएवढी जागा, त्यात पॅडिंग मिळवायला विसरू नका कारण आपण बॉर्डर-बॉक्स केलंय. हे माप आकड्यांसाठी चांगलं, मराठी नावासाठी वापरू नका.

त्यावरून आठवलं, मॅक्सलेंग्थ, म्हणजे बॉक्समध्ये किती अक्षरं लिहिता येतील ती मर्यादा. 'लक्ष्मी' आपल्याला दोन अक्षरं वाटतात, ब्राउझर ७ मोजतो: ल, क, हलंत, ष, हलंत, म, वेलांटी. नावाला २० ची मर्यादा घातलीत तर मराठी माणसाचं नाव मध्येच तुटतं.

प्र. संमतीचा चेकबॉक्स आणि त्याच्यासमोरचा चार ओळींचा मजकूर नीट बसत नाही.

दोन कॉलम, ऑटो आणि १एफआर, अलाईन-आयटम्स स्टार्ट. म्हणजे दुसरी ओळ चेकबॉक्सच्या खाली शिरत नाही. आता चेकबॉक्स पहिल्या ओळीच्या मधोमध हवा, त्यासाठी लोक मार्जिन-टॉप ३ पिक्सेल देतात जो फॉन्ट वाढवला की चुकतो. त्यापेक्षा चेकबॉक्सला एका स्पॅनमध्ये ठेवा, स्पॅनची उंची १एलएच म्हणजे बरोब्बर एका ओळीएवढी, आणि आत फ्लेक्स करून सेंटर. फॉन्ट काहीही करा, जुळलेलंच राहतं.

चेकबॉक्स आणि मजकूर एकाच लेबलच्या आत असू द्या म्हणजे शब्दावर टॅप केलं तरी टिक होतं. डब्ल्यूसीएजी २.२ (वेबसाईट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेली नियमावली) प्रमाणे टॅप करायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल हवी, ती मी अगदी किमान समजतो, अंगठ्यासाठी ४४ बरी.

प्र. रेडिओ बटणं आडवी ठेवली तर कुठलं गोल कुठल्या शब्दाचं ते कळत नाही.

गोल आणि त्याचा शब्द यांच्यात कमी अंतर, दोन पर्यायांमध्ये त्याच्या तिप्पट. तीनपेक्षा जास्त पर्याय असतील तर उभे लावा.

आणि प्रश्न फिल्डसेटमध्ये, प्रश्नाचा मजकूर लीजंडमध्ये. लीजंड हे मात्र विचित्र प्रकरण आहे, ते ग्रिडमध्ये येत नाही, गॅप मानत नाही, फिल्डसेटच्या वरच्या बॉर्डरवर जाऊन बसतं. त्याला फ्लोट लेफ्ट आणि विड्थ १०० टक्के दिलं की ते साध्या डिवसारखं वागायला लागतं. आज २०२०च्या दशकात फ्लोट लिहिताना लाज वाटते पण इथे तोच चालतो.

प्र. एरर मेसेज कुठे दाखवू? बाजूला जागा आहे.

आज आहे, मोबाईलवर नसेल. बॉक्सच्या खाली किंवा लेबल आणि बॉक्सच्या मध्ये. मध्ये ठेवण्याचा फायदा असा की फोनचा कीबोर्ड उघडला किंवा ब्राउझरची ऑटोफिलची यादी खाली पडली तरी मेसेज झाकला जात नाही. आणि मेसेजला आयडी देऊन तो एरिया-डिस्क्राइब्डबायने (स्क्रीन रीडरला दोघांचं नातं सांगणारं अ‍ॅट्रिब्यूट) बॉक्सला जोडा, नुसतं डोळ्याला जवळ दिसून उपयोग नाही.

मेसेज आला की पान उड्या मारतं म्हणून काही जण प्रत्येक बॉक्सखाली कायमची जागा राखून ठेवतात. माझं मत, नका ठेवू. मराठी मेसेज दोन ओळींचा झाला की राखलेली जागा अपुरीच पडते. त्यापेक्षा टाइप करता करता एरर दाखवू नका, बॉक्स सोडल्यावर दाखवा, म्हणजे बोटाखालचं काही हलत नाही.

प्र. बॉक्समध्ये मराठी लिहिलं की वेलांटी आणि उकार कापले जातात.

उंची पिक्सेलमध्ये बांधलेली असणार. इंग्रजी अक्षरांना शिरोरेषेच्या वर काही लागत नाही, आपल्याला 'र्की' साठी वर जागा हवी आणि 'ट्ठू' साठी खाली. हाईट काढून टाका, लाईन-हाईट १.५ ते १.६ आणि वरखाली पॅडिंग, उंची आपली आपण ठरू द्या. आणि फॉन्टच्या यादीत देवनागरी फॉन्ट स्वतः लिहा. नाही लिहिला तर विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो असा जो सापडेल तो येतो, प्रत्येकाची बेसलाईनच्या वरची-खालची जागा वेगळी, मग तुमच्या लॅपटॉपवर जुळलेलं साहेबांच्या फोनवर जुळत नाही.

जाता जाता, पॅटर्नमध्ये (बॉक्समध्ये काय चालेल ते तपासणारा नियम) बॅकस्लॅश डी लिहिलं असेल तर ते फक्त इंग्रजी आकडे घेतं. कोणी मराठी कीबोर्डवरून ४११०३० टाइप केलं तर फॉर्म म्हणणार चुकलं. सबमिटच्या आधी आकडे बदलून घ्या, माणसाला ओरडू नका. आणि अशा ठिकाणी टाइप नंबर वापरू नका, टाइप टेक्स्ट आणि इनपुटमोड न्यूमरिक. पिनकोडची कोणी बेरीज करत नाही.

प्र. आयफोनवर बॉक्सला टच केलं की पान झूम होतं आणि सगळी मांडणी विस्कटते.

बॉक्सचा फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान आहे. १६ करा. व्ह्यूपोर्टमध्ये (मोबाईलवर पान कसं मांडायचं ते सांगणारा टॅग) झूम बंद करायचा सल्ला कुठे वाचला असेल तर विसरा, ज्यांना खरंच झूम लागतो त्यांचं काय.

प्र. लेबलच्या ऐवजी प्लेसहोल्डर (बॉक्सच्या आतला फिकट मजकूर) टाकलं तर अलाईनमेंटचा त्रासच वाचेल ना?

वाचेल, आणि दोन अक्षरं टाइप केली की प्रश्न गायब. एका क्लासचा असाच फॉर्म मी केला होता, गुणांचे सहा बॉक्स, सगळ्यात फिकट राखाडी विषयाचं नाव. पालकांनी भरून झाल्यावर वर बघितलं तर नुसते सहा आकडे, कुठला गणिताचा कुठला इतिहासाचा देव जाणे. दोन दिवस फोन घेत होतो. लेबल पाहिजेच.

प्र. ऑर्डर प्रॉपर्टीने बॉक्स इकडेतिकडे हलवले, दिसायला मस्त झालंय.

टॅब दाबून बघा. कर्सर एचटीएमएलमधल्या क्रमाने जातो, तुमच्या डोळ्याच्या क्रमाने नाही. नाव, मग पिनकोड, मग परत वर आडनाव असं उडत असेल तर एचटीएमएलच बदला. पॉझिटिव्ह टॅबइंडेक्स (टॅबचा क्रम ठरवणारा आकडा) लावून ठिगळ मारू नका, एक लावला की सगळ्यांना लावावा लागतो.

प्र. टेबलमध्ये फॉर्म मांडला तर? पूर्वी सगळे तसंच करायचे.

पूर्वी दुसरं काही नव्हतं. दहा विद्यार्थ्यांची हजेरी आणि गुण भरायचेत, खरोखर ओळी आणि कॉलम आहेत, तर टेबलच बरोबर, फक्त प्रत्येक बॉक्सला एरिया-लेबल किंवा हेडरशी जोडणी द्या. रकमेचा कॉलम असेल तर आकडे उजवीकडे, टॅब्युलर-नम्स लावून, म्हणजे एककाखाली एकक येतो. नुसत्या संपर्काच्या फॉर्मसाठी टेबल नको.

प्र. टेक्स्टएरियाच्या खाली पाच-सहा पिक्सेलची फट येते, मार्जिन तर शून्य आहे.

तो इनलाईन-ब्लॉक असतो, अक्षरांच्या खालच्या शेपटांसाठी ओळ तेवढी जागा सोडते. डिस्प्ले ब्लॉक करा, जाईल.